रिकामा पट्टा

मला कुत्रा हवा होता. यात गोष्ट सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. लोकांना कुत्रा हवा असतो, ते जाऊन आणतात, तो चपला खातो, संपलं. माझं तसं झालं नाही. मला तो दुसरी-तिसरीत असल्यापासून हवा होता आणि प्रत्यक्ष आणायला निघाले तेव्हा माझे दोन्ही गुडघे बदलून झाले होते. मधला काळ कुठे गेला ते विचारू नका. सगळ्यांचा जातो तिथेच गेला.

बरं, कुठलाही कुत्रा चालणार नव्हता. कॉलीच हवा होता. लांब निमुळतं नाक, मानेभोवती पांढऱ्या केसांची लोकरी शाल, आणि चेहऱ्यावर असा भाव की घरातल्या सगळ्यांची काळजी ह्यालाच आहे. ही मुळात मेंढ्या राखणाऱ्यांची जात. कळपातली एक जरी मेंढी मागे राहिली तरी ह्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आमच्या शाळेच्या वाटेवर एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं घर होतं. त्यांच्याकडे असा कॉली होता. शाळा सुटायच्या वेळी तो फाटकात येऊन उभा राहायचा. डॉक्टरांचं एकेक मूल आत आलं की त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, जणू टिकमार्क करतोय. धाकटी मुलगी नेहमी रस्त्यात दगड गोळा करत रेंगाळायची. मग हा स्वतः जायचा, तिच्या पोटरीला नाक लावायचा आणि ढकलत ढकलत तिला घरी आणायचा. ती आत आल्याशिवाय तो आत जायचा नाही. मी समोरच्या फूटपाथवर उभी राहून हे रोज बघायची.

आमच्या घरात आम्ही सहा भावंडं आणि मी त्यातली चौथी. चौथ्या मुलाकडे आईवडिलांचं लक्ष नसतं असं नाही. ते फक्त त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत दमलेलं असतं. एकदा एका लग्नाहून परत येताना सगळं घर बसमध्ये बसून निघून गेलं आणि मी मांडवातच राहिले. काका परत न्यायला आले तेव्हा मी चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते. काका म्हणाले, "तू कशी गं राहिलीस?" जणू मीच मला विसरले होते.

त्या दिवसापासून मला कॉली हवा होता.

वडील म्हणाले, "आधी स्वतःचं ताट उचलायला शीक." सासूबाई म्हणाल्या, "केस दुधात पडतात." आणि आमच्या ह्यांनी तर स्पष्टच सांगितलं, "एक तर कुत्रा, नाहीतर मी." दरवर्षी हा विषय निघायचा आणि दरवर्षी मी नीट विचार करून ह्यांनाच निवडायची. वेळ लागायचा, पण निवडायची.

एक सांगते. माणसाला स्वप्नातला कुत्रा कुठला ते विचारावं. आयुष्यात त्याला काय कमी पडलं, हे मग वेगळं विचारावं लागत नाही. आमचे हे एकदा कुत्र्यांच्या प्रदर्शनात, माझ्या हट्टापायी आलेले असताना, एका डॅशहंडपाशी बराच वेळ थांबले. लांबलचक अंग, आखूड पाय. मला हळूच म्हणाले, "हा त्यातल्या त्यात बरा. कॉटखाली मावेल. कुणाला दिसणार नाही." बिचारे नोकरीभर साहेबाच्या नजरेला पडू नये म्हणून धडपडत होते. घरी आल्यावर मी विषय काढला तर म्हणाले, "मी असं बोललोच नाही."

आता हे नाहीत. मुलगा आणि मुलगी दोन वेगवेगळ्या टोकांना स्थायिक आहेत आणि रविवारी आळीपाळीने माझी तब्येत विचारतात. तेव्हा ह्या खेपेला कुणाला निवडायचं हा प्रश्न उरला नव्हता.

मी कॉलीची पैदास करणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळवला. त्या गावाबाहेर राहतात. फोनवर त्यांनी आधी माझीच चौकशी केली.

"वय?"

"सत्तरी ओलांडली."

"याआधी कुत्रा होता?"

"नाही. पण इच्छा फार जुनी आहे."

मग त्या म्हणाल्या, "असं करा. एक पट्टा विकत घ्या आणि महिनाभर रोज सकाळी तो हातात धरून चाला. पाऊस असो, पाहुणे असोत, कंबर दुखो. महिना झाला की मला फोन करा. निम्मे लोक करतच नाहीत."

"रिकामा पट्टा घेऊन?"

"हो. कुत्रा सोपा असतो हो. सवय अवघड."

मला बाईंचं पटलं. मी दुकानात जाऊन लाल चामड्याचा पट्टा मागितला.

"मान केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"अजून नाहीये."

"मान नाहीये?"

"कुत्रा नाहीये."

त्याने पट्टा बांधून दिला, पण सुटे पैसे देताना हात जरा लांबूनच पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले. सराव करायचा तर तो प्रामाणिकपणे करायचा, असा माझा स्वभाव. खांब आला की मी थांबायची. कॉलीला जितका वेळ लागेल असं वाटलं तितका वेळ द्यायची आणि मग पुढे निघायची. तिसऱ्या खांबापाशी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने मला पाहिलं. हातात पट्टा, पट्ट्याला कुणी नाही, आणि मी खांबाकडे टक लावून बघतेय.

"आजी! सुटला!" तो ओरडला. "कुठल्या बाजूला गेला?"

मी समजावून सांगायला हवं होतं. पण सकाळी सकाळी, भर रस्त्यात, 'मी नसलेल्या कुत्र्याला फिरवतेय' हे वाक्य तोंडातून निघेना. मी "काही नाही, काही नाही" म्हणत पुढे सटकले. वॉचमनला ते माझ्या दुःखाचं लक्षण वाटलं. त्याने शिट्टी काढली आणि धावला.

मी फेरी संपवून परत येईपर्यंत सगळी बिल्डिंग खाली होती. कुत्रा कसा दिसतो हे कुणाला विचारावंही लागलं नव्हतं, कारण कॉलीचं एक जुनं कॅलेंडरचं चित्र माझ्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे आणि माझ्याकडे चहाला आलेल्या प्रत्येकाने त्याच्याखाली बसून त्याचं वर्णन ऐकलेलं आहे. माझ्या समोरच्या दारात राहणारी, जिला मी नुसतं 'समोरची' म्हणते, ती रडवेली झाली होती. "ताई, आणलात आणि आम्हाला सांगितलंही नाहीत! आणि लगेच घालवलात!"

इस्त्रीवाल्याने एका कानाचा तपकिरी कुत्रा धरून आणला. "हाच ना?" कुत्र्याच्या तोंडावर मात्र 'हा नाही' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दूधवाल्याने एक शेळी आणली. "लांब नाक, लांब केस, असंच सांगितलं मला," तो म्हणाला, आणि वर्णन म्हणून पाहिलं तर त्यात चूक काढायला जागा नव्हती. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ स्वतःचाच कुत्रा घेऊन आले. "हा माझाच आहे," ते म्हणाले, "पण म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी."

इतक्यात सेक्रेटरी आले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. उंच, ताठ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. एकटेच राहतात. त्यांना मी कधी कुणाबरोबर गप्पा मारताना पाहिलेलं नाही. ते फक्त निदर्शनास आणून देतात.

"परवानगीशिवाय प्राणी पाळणे," ते म्हणाले, "आणि तो मोकाट सोडणे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची नोटीस वेगळी निघेल."

"माझ्याकडे कुत्रा नाही."

"मग सुटला कोण?"

"कुणीच नाही. मी सराव करत होते."

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं. "कुत्रा नाही, असं लेखी द्या."

मी लेखी दिलं. आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा पाळण्याच्या परवानगीसाठी अर्ज दिला. सेक्रेटरींनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "लसीकरणाची तारीख रिकामी आहे."

"कुत्रा आल्यावर लस देईन."

"लस दिल्याशिवाय कुत्रा येऊ शकत नाही. प्राण्याचं नावही लिहिलेलं नाही."

नाव मी शाळेत असतानाच ठरवून ठेवलं होतं. पण ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही आणि सोसायटीच्या रकान्यात तर नक्कीच लिहिणार नव्हते. तुम्हालाही सांगणार नाही.

पैदासवाल्या बाई म्हणाल्या, सोसायटीची परवानगी असल्याशिवाय पिल्लू देत नाही. सोसायटी म्हणाली, पालिकेचा परवाना दाखवा. पालिकेच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुत्रा आणलाय?"

"नाही."

"मग आधी कुत्रा आणा."

"परवान्याशिवाय?"

"परवान्याशिवाय कुत्रा आणता येत नाही."

"मग?"

"मग पुढचे या."

माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या काखेत मांजर होतं. त्याने माझ्याकडे फार समजूतदार नजरेने पाहिलं.

इकडे माझा सराव चालूच होता. आता लोक शोधायला धावत नव्हते, नुसते बघत होते, आणि ते जास्त वाईट. चौथ्या-पाचव्या दिवशी समोरची पायात बूट घालून दारात उभी. "ताई, मी येते. तुम्ही एकट्या दिसलात की वेड वाटतं. दोघी असलो की व्यायाम वाटेल." तिला स्वतःला पॉमेरेनियन हवा होता. का, तर तो मांडीवर बसतो आणि आपल्या तोंडाकडे बघतो. समोरची दिवसभर बोलते, आणि तिच्या घरात तिच्या तोंडाकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. दोन दिवसांनी तिनेही एक नाजूक, निळी रिबन लावलेला पट्टा आणला. "तुमचा एकटाच कंटाळत असेल," ती म्हणाली.

मग आले वरच्या मजल्यावरचे हिशेबतपासनीस. इतके किरकोळ की त्यांच्यासाठी लिफ्ट वजन मान्य करत नाही, दार उघडंच ठेवते. त्यांना ग्रेट डेन हवा होता, वासराएवढा. "कुणी काही म्हणायचं धाडस करणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि हातातली नायलॉनची जाड दोरी त्यांनी दोन वेळा मनगटाला गुंडाळली, हिसका बसू नये म्हणून.

अखेर माझ्या अर्जावर सोसायटीची सभा लागली. पाण्याच्या टाकीच्या सभेला चार डोकी येतात. ह्या सभेला खुर्च्या कमी पडल्या. सुरुवातीला सगळ्यांनी कडाडून विरोध केला: भुंकेल, घाण करेल, लिफ्टमध्ये कसा मावेल. मग कुणीतरी विचारलं, "पण कॉलीच का? लॅब्रेडॉर काय वाईट?" आणि विरोध तिथेच संपला, कारण पुढे सभा राहिलीच नाही.

"लॅब्रेडॉर सगळ्यांकडे असतो! बॉक्सर बघा, तोंड कसं सच्चं असतं."

"सच्चं कसलं, लाळ गळते."

"लाळ प्रेमाने गळते."

"आमच्या शेजारी लहानपणी पूडल होता, दोन पायांवर चालायचा."

"तो तुमच्या मुलापेक्षा आधी चालायला लागला असेल."

ज्यांची तोंडं एकमेकांशी पार्किंगवरून बंद होती ते एकमेकांना शेपट्यांचे आकार हाताने काढून दाखवत होते. एवढी वर्षं एकाच जिन्याने चढउतार करतोय, आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक न पाळलेला कुत्रा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला कुठला?" समोरचीने विचारलं.

हवेत काढलेल्या शेपट्या तिथेच थांबल्या.

"अध्यक्षीय टेबलाला आवडनिवड नसते," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी मला परवानगी दिली, लसीकरण नंतर सादर करण्याच्या अटीवर. सही करताना अर्जाला जोडलेलं कॉलीचं चित्र ते जरा जास्त वेळ बघत राहिले. "मेंढपाळ जात," एवढंच पुटपुटले आणि शिक्का मारला. तो कागद पाहून पालिकेच्या खिडकीनेही मान डोलावली.

महिना भरला. मी बाईंना फोन केला आणि गावाबाहेर गेले. बाहेर पडताना समोरची, हिशेबतपासनीस आणि वॉचमन फाटकाशी उभे होते. मी लग्न होऊन निघाले तेव्हाही इतकी माणसं निरोपाला नव्हती.

बाई फोनवर वाटल्या होत्या त्यापेक्षा मऊ निघाल्या. त्यांच्या अंगणात कॉलीची आई पिल्लांना जागेवर आणत होती. पाच-सहा लोकरीचे गोळे चहूकडे पळत होते, ती एकेकाला नाकाने ढकलून मधोमध आणत होती. एक पिल्लू मात्र कुंडीपाशी पानं चघळत रेंगाळलं होतं. मी त्याच्याकडेच बघत होते. तेवढ्यात ते उठलं, डुलत डुलत माझ्याकडे आलं, आणि त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

मी खाली बसले. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे, तरी बसले. त्याने माझ्या पोटरीला नाक लावलं आणि ते मला बाईंच्या दिशेने ढकलू लागलं. मी एकटी बाजूला होते ना.

"हेच," मी म्हणाले.

बाई शेजारच्या ओट्यावर बसल्या. "एक विचारते, रागावू नका. ही जात बारा-चौदा वर्षं जगते. तुमच्यानंतर कोण?"

मला राग आला. मी तिथूनच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, आमच्या घरात मलाच जागा नाही." मुलीचा नवरा कुत्र्याच्या केसांनी शिंकतो. आमच्या बिल्डिंगचं म्हणाल तर तिथली सगळ्यात तरुण गोष्ट म्हणजे मागच्या वर्षी बसवलेली लिफ्ट.

"पूर्वी माझ्याकडून एका आजोबांनी एक कुत्री नेली होती," बाई म्हणाल्या. "ते गेल्यावर परत आली. इथे एवढी माणसं, एवढे कुत्रे. पण ती रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहायची. एक कमी होता ना. ह्यांचं असंच असतं. मोजणी पुरी होईपर्यंत आत येत नाहीत. शेवटपर्यंत आली नाही."

पिल्लू माझ्या पट्ट्याचं टोक चघळत होतं. मी ते बघत बसले. सगळा जन्म मला असं कुणीतरी हवं होतं, जे फाटकात उभं राहील आणि मी आल्याशिवाय आत जाणार नाही. पण मी येणारच नसेन तेव्हाही ते तिथेच उभं राहील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आठव्या वर्षी कसं येणार?

मी त्याच्या तोंडातून पट्टा सोडवून घेतला. त्याच्या कानात त्याचं नाव सांगितलं, कुणाला तरी ते माहीत असायला हवं होतं. आणि उठले. बाईंनी हात दिला.

घरी आले तेव्हा फाटकाशी तेच तिघं उभे. सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या मागे रिक्षात पाहिलं.

"नाही आणला," मी म्हणाले.

समोरचीने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले नाही. म्हणजे जाग आली होती, पायांना सवय झाली होती, पण कशासाठी उठायचं? पट्टा खुंटीला होता. त्याच्या टोकाला बारीक दातांच्या खुणा होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

बेल वाजली. मी उठले नाही. बेल वाजतच राहिली. शेवटी जाऊन दार उघडलं तर निळ्या रिबनचा पट्टा घेऊन समोरची, मनगटाला दोरी गुंडाळून हिशेबतपासनीस, आणि त्यांच्या मागे जिन्यात सभेतले बॉक्सरवाले आणि पूडलवाल्या बाई.

"ताई, किती उशीर!" समोरची म्हणाली. "त्याला वेळेवर खाली नेलं नाहीत तर घरात करेल."

"अहो, पण तो..."

"बघा, माझा कसा अस्वस्थ झालाय. आवरा लवकर."

मी पट्टा घेतला.

आम्ही खाली उतरलो. वॉचमनने सगळ्यांसाठी फाटक पूर्ण उघडलं, आणि आम्ही बाहेर पडल्यावर ग्रेट डेनची शेपटी अडकणार नाही इतका वेळ थांबून लावलं. पहिल्या खांबापाशी सगळे थांबलो. तिथे सेक्रेटरी उभे होते. वरचं बटण लावलेलं, आणि हातात एक जाड लोखंडी साखळी. ती नवी नव्हती. कड्यांना गंज चढला होता. कधीतरी, फार पूर्वी, कुणीतरी हौसेने विकत घेऊन ठेवली असावी तशी.

सेक्रेटरींनी घसा साफ केला.

"अल्सेशियन," ते म्हणाले.

"चावतो का?" हिशेबतपासनीसांनी दोरी आखडून घेत विचारलं.

"नियमात बसत असेल तरच."

आम्ही निघालो. बॉक्सर आणि पूडलचं पुन्हा सुरू झालं, समोरची तिच्या पॉमेरेनियनला रात्रीचं स्वप्न सांगू लागली. कोपऱ्यावर पोचल्यावर मी वळून पाहिलं. सवयच लागलीय आता, सगळे आले का बघायची. सेक्रेटरी बरेच मागे राहिले होते. त्यांना बरोबर चालायची सवय नाही; साखळी हातात घेऊन, बोलावलं नसताना आलेल्या माणसासारखे ते एका खांबापाशी उगाच थांबले होते.

मी हाक मारली नाही. पट्टा थोडा सैल सोडला.

सेक्रेटरींनी दचकून आपल्या पोटरीकडे पाहिलं, आणि भरभर चालत आमच्यात आले.